अंगणातून पाहिलेला वाडा : निळू फुले यांच्या अभिनयाचा एक अभ्यास

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात 'विविध गुणदर्शन' कार्यक्रमात मी एक नक्कल केली होती. डोक्यावर आजोबांची टोपी, धोतराचा सोगा हातात, मान किंचित वाकडी आणि घोगरा आवाज. 'वाड्यावर' बोलावणारे ते सर्वांच्या तोंडी असलेले वाक्य मी उच्चारले आणि सभागृह शिट्ट्यांनी दणाणून गेले. मला तिसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मिळाले. कोणाही मित्राला 'तू निळू फुल्यांचा कोणता चित्रपट पाहिला आहेस?' असे विचारावे असे मला त्या दिवशी सुचले नाही. कारण तोच प्रश्न त्याने मला उलटून विचारला असता तर माझ्याजवळही उत्तर नव्हते.

सुट्टीत पाटोदा तालुक्यातील आमच्या गावी गेलो तेव्हा त्या नकलेचे मोबाईलवरील चित्रण मी मोठ्या हौसेने आजीला दाखवले. तिने ते शेवटपर्यंत पाहिले. ती हसली नाही. मोबाईल माझ्या हातात देत एवढेच म्हणाली, "तू लईच वरडायलास रं. त्यो वरडत नव्हता."

आजीला अक्षर ओळखता येत नाही. ऊसतोडीच्या मजुरीत तिच्या आयुष्याची पंचवीस वर्षे गेली. नाट्यशास्त्र, अभिनयाचे प्रकार असले काही तिच्या कानावर आलेले नाही. परंतु तिचे हे एक वाक्य माझ्या मनातून जाईना. 'तो ओरडत नव्हता' हे जर खरे असेल, तर अख्खा महाराष्ट्र ज्याची नक्कल ओरडून करतो तो नट प्रत्यक्षात काय करीत होता? प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा विद्यार्थिदशेतील एक प्रयत्न आहे. निळू फुल्यांचे रंगभूमीवरील काम पाहण्याचे भाग्य माझ्या पिढीला लाभले नाही. नाटकांच्या बाबतीत मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संहितांवर विसंबलो आहे. चित्रपट मात्र मिळतील तेवढे, पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले आहेत.

माळी ते नट

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० साली पुण्यात झाला. वडील भंगार लोखंड आणि भाजीपाला विकून संसार चालवीत. वयाच्या सतराव्या वर्षी निळूभाऊ पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून कामाला लागले. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते दरमहा राष्ट्र सेवा दलाला देत असत. स्वतःची रोपवाटिका काढावी असे त्यांच्या मनात होते. परंतु भांडवल जमले नाही आणि ते स्वप्न तसेच राहिले. एका दृष्टीने मराठी रंगभूमीचे नशीबच म्हणायचे!

या ८० आणि १० रुपयांच्या हिशेबाकडे मी मुद्दाम वाचकांचे लक्ष वेधतो. पगाराचा आठवा हिस्सा जो माळी एका विचारासाठी बाजूला काढतो, त्याला समाजात कोण वर बसले आहे आणि कोण खाली उभे आहे याची जाण नट होण्यापूर्वीच आलेली असते. पुढे पडद्यावर त्यांनी जे पाटील, सरपंच, चेअरमन आणि मंत्री रंगवले ते त्यांना वाड्याच्या आतून माहीत नव्हते. ते त्यांनी अंगणात उभे राहून पाहिलेले होते.

१९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने कलापथकाच्या रूपाने महाराष्ट्राला एक मोठी देणगी दिली आहे. साने गुरुजींचा संस्कार आणि वसंत बापटांसारख्या कवींचे मार्गदर्शन या कलापथकाला लाभले. दादा कोंडके, राम नगरकर, निळू फुले ही मंडळी याच शाळेतली. तमाशाचा बाज घ्यायचा, गण-गवळण-बतावणी-वग हा साचा घ्यायचा आणि त्यात आजचा विषय भरायचा, अशी या लोकनाट्यांची रीत होती. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मधील रोंग्याच्या भूमिकेने निळूभाऊंचे नाव झाले. त्यानंतर शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांना गावोगाव पोचवले.

लोकनाट्याचा नट गावच्या मोकळ्या मैदानात उभा राहतो. समोर जमिनीवर बसलेली माणसे असतात. त्यात रडणारी पोरे असतात, मध्येच उठून जाणारे असतात, मोठ्याने शेरा मारणारेही असतात. अशा ठिकाणी नट दोन मार्गांनी तरतो. एक, सगळ्यांच्या वर आवाज चढवून. दोन, आवाज एकदम खाली आणून समोरच्याला कान टवकारायला लावून. दुसरा मार्ग अवघड आहे. निळूभाऊंच्या चित्रपटांतील संवादफेक ऐकली की हा दुसरा मार्ग त्यांच्या अंगी किती मुरलेला होता याची खात्री पटते.

पाटीलकी गेली, पाटील राहिला

१९६८ साली अनंत माने दिग्दर्शित 'एक गाव बारा भानगडी' हा चित्रपट आला आणि त्यातील झेले अण्णांच्या भूमिकेने निळू फुले हे नाव पडद्यावर कायमचे कोरले गेले. पुढील चार दशकांत त्यांनी मराठी-हिंदी मिळून शंभराहून अधिक चित्रपटांत कामे केली. यातील बऱ्याच चित्रपटांत ते गावचे दुष्ट सत्ताधारी आहेत.

हा काळ नीट लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्रात वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. सहकारी साखर कारखाने, पतपेढ्या, खरेदी-विक्री संघ, शिक्षणसंस्था यांचे जाळे विणले जाऊ लागले. म्हणजे कागदावरची पाटीलकी गेली आणि खुर्चीवरची आली. जुना पाटील दमदाटी करून काम करून घेई. नव्या सत्ताधाऱ्याच्या हातात सभासदत्व, कर्ज, पाण्याची पाळी, नोकरी आणि बदली आली. ज्याच्या हातात या गोष्टी आहेत त्याला ओरडण्याची गरजच काय?

माझ्या मते निळू फुल्यांनी हा बदल अंगाने ओळखला होता. त्यांच्या आधीचा खलनायक डोळे वटारत असे, मिशीला पीळ देत असे. निळूभाऊंचा खलनायक पान जुळवतो, पाहुण्याची विचारपूस करतो, आणि आवाज न चढवता समोरच्याचे आयुष्य उलटेपालटे करतो. तो मोठा भासतो तो आजूबाजूच्या माणसांच्या गप्प राहण्यामुळे.

आजीची साक्ष

या ठिकाणी मला आजीकडे परत जायला हवे. आपल्या बीड जिल्ह्याला 'ऊसतोड मजुरांचा जिल्हा' म्हणतात. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, वडवणी, धारूर या भागांतून गाड्या भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. हंगामापूर्वी मुकादम जी रक्कम हातावर ठेवतो ती 'उचल'. हंगामात ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर राहिलेली रक्कम पुढच्या हंगामावर. १९७२ च्या दुष्काळात बारा वर्षांची आजी खडी फोडायला जात होती आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी ती कोयत्यावर गेली.

निळू फुल्यांना तिने पाहिले ते कारखान्याच्या गावच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात. चित्रपटाचे नाव तिला आठवत नाही. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये दोरी. त्यांचा चेहरा पडद्यावर आला की बायका पदर सावरून बसत आणि कडाकडा बोटे मोडत. मी तिला विचारले, "आजी, एवढं काय वाईट बोलायचा तो?" तिचे उत्तर मी जसेच्या तसे देतो :

"बोलायचं काय नव्हतं रं त्यात. बोलायच्या आधी त्यो जरा थांबायचा. त्या थांबण्याचंच भ्या वाटायचं. आमचा मुकादम तसाच थांबायचा. हिशेब इचारला की वर बघायचा न्हाई. तंबाखू मळायचा. मग म्हनायचा, 'बघू की निवांत.' बास. त्याच्यावर कुनी बोलत नव्हतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्या नटानं हे कुठंतरी पाह्यलेलं असनार. मनानं न्हाई येत असलं."

त्या मुकादमाचे नाव तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या वर्षीची तिची उचल मात्र तीन हंगाम फिटली नव्हती, हे मला आजोबांकडून समजले.

हे ऐकल्यानंतर मी पुन्हा चित्रपट पाहायला बसलो आणि या वेळी त्यांचे थांबणे पाहिले. निळू फुल्यांच्या अभिनयाचा प्राण त्यांच्या विरामांत आहे. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये ते जी जागा सोडतात तिथे समोरचे पात्र आपोआप घाबरते, अगतिक होते, कधी लाचारीने हसते. प्रेक्षकाचे लक्ष त्या क्षणी खलनायकाकडे असते आणि त्याला कळत नाही की आपण एका बळीचा चेहरा पाहत आहोत. माझ्या नकलेत हा विराम नव्हता. शिट्ट्या याव्यात म्हणून मी घाई केली होती.

चार भूमिका, चार जागा

निळू फुल्यांना 'अष्टपैलू' म्हणण्याची प्रथा आहे. विशेषण सोपे आहे, ते सिद्ध करणे अवघड. मी त्यांच्या चार भूमिका निवडतो. चारही सत्तेशी संबंधित आहेत आणि प्रत्येक ठिकाणी त्या नटाची उभे राहण्याची जागा वेगळी आहे.

पहिली भूमिका 'सखाराम बाइंडर'मधील सखारामची. विजय तेंडुलकरांचे हे नाटक कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली १९७२ साली रंगमंचावर आले. चंपाची भूमिका लालन सारंग यांची होती. काही प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळाने नाटक अडवले आणि सारंगांना उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. या लढ्याची हकीकत सारंगांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहिली आहे. सखाराम हा ना पाटील, ना पुढारी. पुस्तके बांधणारा एक सामान्य कामगार. नवऱ्याने टाकलेल्या बायका तो घरी आणतो, त्यांना आपल्या अटी सांगतो, अन्न-वस्त्र देतो आणि मालकी गाजवतो. त्याची सत्ता एका घराच्या चार भिंतींपुरती आहे. पण जेवढी आहे तेवढी तो निर्दयपणे वापरतो आणि वर स्वतःला जगातला एकमेव खरा माणूस समजतो. संहिता वाचताना जाणवते की हा माणूस केवळ राक्षस म्हणून रंगवला तर नाटक कोसळेल. लक्ष्मीच्या देवभोळेपणाने तो हलतो, चंपापुढे दुबळा पडतो आणि शेवटी स्वतःच्याच हातून घडलेल्या खुनापुढे गारठतो. खालच्या माणसालाही त्याच्याहून खालचे कोणी तरी सापडते, हे कटू सत्य या भूमिकेत आहे. कष्टकऱ्यांच्या चळवळीतून आलेल्या नटाने कष्टकऱ्याची ही बाजू लपवली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरी भूमिका 'सामना'मधील हिंदुराव धोंडे-पाटलाची. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट. लेखन तेंडुलकरांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात तो स्पर्धेसाठी निवडला गेला होता. हिंदुराव हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या गावात एक दारुडा, भणंग मास्तर येऊन पडतो. मास्तर झाले आहेत डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, मान देतो. आणि मास्तर मात्र मारुती कांबळे नावाच्या एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी विचारत राहतो.

हा चित्रपट मी आमच्या घरी सगळ्यांबरोबर पाहिला. आमच्या जिल्ह्यातील माणूस साखर कारखान्याकडे ज्या जागेवरून पाहतो ती जागा अर्थातच उसाच्या फडातली आहे. पडद्यावर हिंदुराव जितका प्रेमळ होत गेला तितके आमच्या ओसरीवर शांत होत गेले. हिंदुराव खोटा प्रेमळ नाही, ही निळूभाऊंच्या अभिनयाची कमाल आहे. त्याला मास्तर खरोखर आवडतो. गावाचा आपण विकास केला यावरही त्याचा मनापासून विश्वास आहे आणि त्यात पुष्कळ तथ्यही आहे. एवढे सगळे करणाऱ्याने एखादा मारुती कांबळे पचवला तर काय बिघडले, असा त्याचा हिशेब आहे. दुष्टपणा आणि कर्तबगारी एकाच माणसात गुण्यागोविंदाने नांदताना दाखवणे हे फार थोड्या नटांना साधते.

येथे लागू आणि फुले यांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. एक कान-नाक-घशाचे शल्यविशारद, दुसरा बागेतला माळी. लागूंच्या अभिनयात विचाराची रेषा स्पष्ट दिसते. पात्राचे मन ते जणू उलगडून आपल्यासमोर ठेवतात. फुले पात्राचे मन झाकून ठेवतात आणि आपल्याला त्याचा वास येऊ देतात. 'सामना'त या दोन पद्धतींचाच सामना आहे. कोणी कोणावर मात केली हा प्रश्न गौण. दोघांनी एकमेकांना जागा दिली, म्हणून तो चित्रपट इतक्या वर्षांनीही जुना वाटत नाही.

तिसरी भूमिका 'सिंहासन'मधील दिगू टिपणीसची. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी १९७९ साली हा चित्रपट काढला. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार नेता. आणि ज्याला सारा महाराष्ट्र राजकारणी खलनायक म्हणून ओळखत होता तो निळू फुले मात्र पत्रकार! खुर्चीच्या खेळातल्या प्रत्येक दालनात दिगू शिरू शकतो, पण त्याच्या हातात काही नाही. तो ऐकतो, पाहतो आणि जाणतो. सत्ता भोगणाऱ्या पात्रांत विरामाचा जो उपयोग निळूभाऊ दहशतीसाठी करीत, तोच येथे त्यांनी साक्षीदाराच्या अगतिकतेसाठी केला आहे. हत्यार तेच, धार उलट्या बाजूची. चित्रपटाच्या अखेरीस सारे काही पाहून चुकलेला दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. ज्या आवाजाने आपल्याला आजवर भीती घातली त्याच आवाजातले ते हसू ऐकून आपल्या पोटात खड्डा पडतो.

चौथी भूमिका जयवंत दळवी यांच्या 'सूर्यास्त' नाटकातील अप्पाजींची. अप्पाजी हा गांधीविचाराचा वृद्ध स्वातंत्र्यसैनिक आणि राज्याच्या मुख्यमंत्र्याचा बाप. ज्या स्वराज्यासाठी आयुष्य वेचले ते आपल्याच मुलाच्या हातात कसे नासले हे त्याला पाहावे लागते आणि या वयात त्याच्याविरुद्ध उभे राहावे लागते. झेले अण्णा आणि हिंदुराव ज्याने उभे केले त्यानेच अप्पाजी उभा करावा, यात मला योगायोग वाटत नाही. हिंदुराव म्हणजे काय हे ज्याला पूर्ण कळले आहे तोच अप्पाजीचे दुःख जाणू शकतो.

सखाराम घरातला सत्ताधीश, हिंदुराव गावाचा, दिगू सत्तेचा साक्षीदार आणि अप्पाजी तिचा विरोधक. एकाच नटाने या चारही जागांवर उभे राहून दाखवले आहे. अष्टपैलुत्व म्हणजे वेगवेगळे पोशाख आणि वेगवेगळे आवाज, अशी माझी समजूत होती. निळूभाऊंनी आवाज फारसा बदललेला नाही. बदलली आहे ती जागा.

हिंदीतही त्यांनी 'कुली' (१९८३), 'मशाल' (१९८४) अशा चित्रपटांत कामे केली. त्यांपैकी महेश भट्ट यांच्या 'सारांश' (१९८४) मधील गजानन चित्रे हा राजकारणी विशेष लक्षात राहतो. मराठी गावातला तो थंडपणा त्यांनी मुंबईच्या मध्यमवर्गीय वस्तीत नेऊन बसवला आणि भाषा बदलली तरी त्याची धग कमी झाली नाही.

शिट्टी कोणासाठी?

आता एका आक्षेपाचा विचार करायला हवा. या लेखाचा आराखडा मी वर्गात वाचून दाखवला तेव्हा आमच्या एका प्राध्यापिका म्हणाल्या, "तू चार उत्तम भूमिका निवडल्यास. पण बाकीच्या ढीगभर चित्रपटांचे काय? त्यांत स्त्रीवर वाईट नजर टाकणारा पुरुष पुन्हा पुन्हा दाखवला गेला आणि प्रेक्षकांनी त्यावर शिट्ट्या मारल्या. त्याची जबाबदारी कोणाची?"

प्रश्न रास्त आहे. निळू फुल्यांच्या वाट्याला आलेल्या अनेक भूमिका ठराविक ठशाच्या होत्या हे नाकारण्यात अर्थ नाही. निर्मात्यांना तोच पाटील हवा होता, वितरकांना तोच हवा होता आणि पोट भरणाऱ्या नटाला दर वेळी 'सामना' मिळत नसतो. या बाबतीत मी त्यांची वकिली करणार नाही. मात्र एक फरक मला दिसतो तो नोंदवतो. तंबूतल्या दोरीच्या अलीकडे बसलेल्या बायका बोटे मोडत होत्या. त्यांनी ज्याला शिव्या दिल्या तो त्यांच्या ओळखीचा होता. प्रत्यक्षात ज्याला काही बोलता येत नव्हते त्याला त्या पडद्यावर शिव्या देत होत्या. आमच्या सभागृहात मात्र शिट्ट्या वाजल्या. पहिल्या रांगेतील आमच्या वर्गभगिनी खाली मान घालून बसल्या होत्या, हे मला त्या चित्रणात नंतर दिसले. निळूभाऊ ज्या माणसाला उघडा पाडत होते त्यालाच मी नकलेतून मिरवले होते. हा दोष त्यांच्या अभिनयाचा नाही. तो नक्कल करणाऱ्याचा, म्हणजे माझा आहे.

पडद्याबाहेरचा हिशेब

प्रत्यक्षातील निळू फुले पडद्यावरील प्रतिमेच्या अगदी उलट होते हे अनेकांनी लिहिले आहे. मला त्यात विरोधाभासापेक्षा सुसंगती अधिक दिसते. सत्तेची ओळख पडद्यावर करून द्यायची आणि पडद्याबाहेर तिच्याशी झगडणाऱ्यांच्या मागे उभे राहायचे, ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात ते सहभागी होते. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभारण्यात आला. त्यासाठी डॉ. लागू, निळू फुले आदी कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे महाराष्ट्रभर प्रयोग केले. माळीकामाच्या ८० रुपयांतून १० रुपये बाजूला काढणाऱ्या तरुणाचा हिशेब प्रसिद्धीच्या शिखरावरही बदलला नव्हता, याचा हा पुरावा आहे.

त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, राज्य शासनाचे पुरस्कार मिळाले. त्यांची यादी देण्याची गरज नाही. उत्तर आयुष्यात मकरंद अनासपुरे, सयाजी शिंदे या पुढच्या पिढीतील नटांबरोबर ते 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' या शेतकऱ्यांच्या आत्महत्येवरील चित्रपटात दिसले. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

समारोप

हा लेख लिहून झाल्यावर मी आजीला वाचून दाखवला. अभिनयावरचा मजकूर तिने अर्धवट लक्ष देऊन ऐकला. ८० रुपयांतले १० रुपये ऐकल्यावर मात्र तिने मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. "माळी व्हता?" तिने विचारले. मी म्हटले, "हो. सतराव्या वर्षापासून." ती म्हणाली, "म्हंजी त्यो बी कुनाच्या तरी म्होरं हुबा ऱ्हायला आसंल." आणि थोड्या वेळाने, जरा ओशाळून, "आमी लई शिव्या दिल्या त्याला."

मी तिला म्हटले, "आजी, त्या त्याला पोचल्या असतील तर त्याला आनंदच झाला असेल." ते तिला पटले की नाही कोण जाणे. तिने फक्त पदर डोक्यावर घेतला आणि चूल पेटवायला गेली.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी मित्रांनी मला पुन्हा ती नक्कल करण्याचा आग्रह केला. मी नकार दिला. त्याऐवजी मराठी वाङ्मय मंडळाकडे मी अर्ज केला आहे की, संमेलनाच्या आदल्या सायंकाळी सभागृहात 'सामना' दाखवावा. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुले-मुली अशा घरांतून आली आहेत जिथे आई-वडील या क्षणी कुठल्या तरी फडात मोळ्या बांधीत असतील. त्यांनी तो चित्रपट एकत्र बसून पाहावा असे मला वाटते. हिंदुराव जिथे बोलण्यापूर्वी थांबतो, तिथे कोणी शिट्टी वाजवते की सभागृह शांत होते, हे मला ऐकायचे आहे.

अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही. 'बघू' असे उत्तर मिळाले आहे.